बाईंच्या मापाचं धड

देशाच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्षांचे सगळे कोट शिंपीणमावशींनी शिवले, आणि त्याचा त्यांना गर्व होता. असायलाच हवा. बाई पहिल्यांदा महापालिकेला उभ्या राहिल्या तेव्हा दोघींची दारं एकाच जिन्यावर समोरासमोर होती. "या अवतारात गेलीस तर शिपाईसुद्धा आत सोडायचा नाही," असं म्हणून मावशींनी नवऱ्याचा जुना कोट उसवला आणि तिच्या मापाने शिवून दिला. बाई निवडून आल्या. पुढे महापौर झाल्या, मंत्री झाल्या, आणि माप द्यायलाही त्यांना सवड उरेना. मग मावशींनी त्यांच्या मापाची डमी केली. जाड कापडाचं, कापूस ठासून भरलेलं धड, खाली लाकडी पाय. बाई अंगाने भरल्या की मावशी पाठीची शिवण उघडून कापूस घालत, वाळल्या की काढत. कोट कधी चुकला नाही.

दुकानात काजं करणारी नणंद म्हणायची, "वहिनी, देश चालवणारी बाई, आणि तुम्ही तिला डोकंच ठेवलं नाहीत."

"डोकं तिचं तिच्याकडे आहे. मला खांदे पुरेत."

राष्ट्राध्यक्ष झाल्यावर बाईंनी भल्याभल्यांची तोंडं बंद केली. नवऱ्याच्या सहीशिवाय बायकांची बँकेत खाती निघू लागली ती त्यांच्यामुळे. दुसऱ्यांदाही त्या निवडून आल्या. मग एके दिवशी त्यांनी जाहीर सांगून टाकलं, आता थकले, पुन्हा उभी राहणार नाही.

त्याच आठवड्यात डमीचा डावा खांदा उतरला. कापूस बसला असेल, म्हणून मावशींनी चांगला ठासून भरला. टीव्हीवर बाईंचं भाषण चालू होतं. डावीकडे कललेल्या बाई बोलता बोलता एकदम ताठ झाल्या आणि वाक्य अर्धवट सोडून स्वतःच्या खांद्याकडे बघू लागल्या.

"वहिनी," नणंद हळूच म्हणाली, "तुम्ही भरलात, तेव्हाच."

मावशींनी हातातला कापूस खाली ठेवला. पण माणसाला लोभ सुटत नाही हेच खरं. तिसऱ्या शपथविधीचा कोट त्यांच्या डोळ्यांपुढे तयार होता. त्यांनी पाठीत आणखी कापूस भरला, मग मानेखाली, मग छातीत. बाईंनी शब्द फिरवला, निवडणूक लढवली, जिंकली. त्यांना विश्रांती सांगणारे डॉक्टर तोंडात बोट घालून बसले.

त्यानंतर डमी हाताला गरम लागू लागली. टीव्हीवर बाई सारख्या उभ्याच दिसत, मागे खुर्ची असली तरी. हसल्या तरी खांदे हलत नसत. नणंदेने डमीकडे पाठ करून बसायला सुरुवात केली.

एका दुपारी बाई स्वतः दुकानात आल्या. रक्षक बाहेर थांबले.

"बस ना," मावशी म्हणाल्या.

"बसता येत नाही गं." बाई डमीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. तिच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला आणि पटकन काढून घेतला. "राजीनामा टेबलावर पडून आहे. सही करायला पाठ वाकत नाही."

मावशींनी मान खाली घातली. "मला वाटलं, देशाला तू हवीस."

"देशाला, की तुला?"

"मला," मावशी म्हणाल्या.

"मग आता उसव."

"आणि तुला काही झालं तर?"

"होऊ दे. तेवढं तरी माझं असू दे."

बाई दाराकडे वळल्या. मावशींनी कात्री घेतली आणि पाठीची शिवण कापली. आतला कापूस ओला होता, घामाने भिजल्यासारखा. त्यांनी पहिली मूठ बाहेर काढली. काचेपलीकडे, गाडीकडे चाललेल्या बाईंची पाठ वाकली. दुसऱ्या मुठीला गुडघे वाकले. एक रक्षक धावला, पण बाईंनी हात वर करून त्याला थांबवलं आणि फुटपाथच्या कडेला सावकाश खाली बसल्या.

"वहिनी, पुरे," नणंद म्हणाली. "अहो, पुरे झालं."

बाहेर बाई डोळे मिटून बसल्या होत्या. आत मावशी हुंदके देत कापूस काढत राहिल्या.