तू शिव, मी ऐकते

आमच्या गावाखालून आवाज येतो. भुईतून, लांब कुठंतरी सुरुंग उडवल्यासारखा. कधी नुसताच घुमतो, कधी मांडणीवरची ताटं खुळखुळतात आणि सगळी गल्ली अंगणात येते. औंढ्याकडच्या आमच्या पट्ट्यात हे वर्षानुवर्षं चाललंय. साहेब लोक येतात, घाबरू नका म्हणतात, पत्र्यावरचे दगड काढून ठेवा म्हणतात आणि आपापल्या स्लॅबच्या घरी जेवायला जातात. दगड काढले तेव्हापासून वाऱ्यानं पत्रे वाजायला लागले. एक आवाज कमी होता की काय!

मी शिवणकाम करते. मशीन पायाची, आणि माझी सगळी पंचाईत तिथंच होती. मशीन चालली की भुई थरथरल्यासारखी वाटायची. मी पाय थांबवायची, कानात प्राण आणून ऐकायची. काही नसायचं. चार टाके घालून पुन्हा थांबायची. गावाला आवाज कधीमधी येई, मला रोज येई. ब्लाऊज पडून राहिले. बायका तोंड वाकडं करून कापड परत न्यायला लागल्या. न्हाणीची कडी लावायची माझी हिंमत होईना. शेवटी मी नवऱ्याला म्हणाले, मी हिंगोलीला भावाकडं जाऊन राहते, माझ्याच्यानं या घरात जगणं होत नाही. घर सोडायचं मनात पक्कं होत चाललं होतं आणि त्याचीही मला भीती वाटायची.

शेजारच्या खालांनी हे पाहिलं. हळद पॉलिश करायच्या फिरत्या लोखंडी ढोलाजवळ उभं राहून त्यांचं आयुष्य गेलं होतं. आता घरात सुनेचं राज्य, दुपारी काम नसायचं. एके दुपारी त्या सुपात तुरीची डाळ घेऊन आमच्या उंबऱ्यात येऊन बसल्या.

"काहून थांबून राहिली घडीघडी?"

"आवाज आल्यावानी वाटतंय, खाला. तुमाला न्हाई आला?"

"न्हाई. तू शिव, मी ऐकते. आला तर सांगते, दोघी पळू."

"तुमच्याच्यानं पळणं व्हतं का?"

"तुझ्या आधी पळंन!"

कित्येक दिवसांनी मी हसले. मग खाला रोज यायला लागल्या. मी पाय थांबवून मान वर केली की म्हणायच्या, "काई न्हाई. शिव." एवढं पुरायचं. काळजी त्यांच्याकडं, सुई माझ्याकडं. हिंगोलीचं नाव मी काढलं नाही. न्हाणीला कडी लावायला लागले.

आणि एका दुपारी तो खरंच आला. गल्लीतली माणसं शेतात गेलेली. खोल, जड आवाज भुईतून सरकत गेला, बॉबिनची डबी वाजली. माझा पाय जागीच थांबला. खाला डाळीतले खडे वेचत होत्या. मग त्यांनी वर पाहिलं, माझा चेहरा न्याहाळला आणि म्हणाल्या, "काई न्हाई झालं. शिव तू."

त्यांची मान खाली गेल्यावर मी हळूच हाक मारली. त्यांनी पाहिलं नाही. जरा मोठ्यानं मारली, तेव्हा पाहिलं. हळदीच्या त्या ढोलाच्या खडखडाटानं त्यांचे कान कधीच खाल्ले होते. एवढे दिवस त्या माझ्या पायावर आणि ओठांवर नजर ठेवून बसत होत्या. आधी मला भयंकर राग आला. म्हातारी मला फसवत होती! मग ध्यानात आलं, आढं कोसळलं तरी ही बाई खडे वेचत बसेल.

मी त्यांना कळू दिलं नाही. मशीन चालवली. शिवण वाकडी गेली, उसवावी लागली. दुसऱ्या दिवशी मशीन उंबऱ्याजवळ ओढून घेतली, त्यांचा दंड माझ्या हाताशी येईल इतकी. उजेडासाठी ओढली असं त्यांना वाटलं. त्यानंतर मला खोटे आवाज येईनासे झाले. आता दोघींच्या वाटचं मलाच ऐकायचं होतं, तिथं भास व्हायला सवड कुठली!

मागच्या हिवाळ्यात खाला तापानं गेल्या, आपल्या घरी, आपल्या बाजेवर. मला त्यांची फार आठवण येते. दुपारी मशीन थांबली की सुपात डाळ पाखडल्याचा आवाज येतो. आला का, असं मी कुणाला विचारत नाही.

परवा भुई पुन्हा घुमली. गल्ली ओरडत बाहेर पडली. मी मशीनवरून उठले आणि उंबऱ्याशी वाकून दोन्ही हात पुढं केले. अंगणातून नवरा बोंबलत होता, "ये ना बाहेर! काय करून राहिली तिथं?"

"थांबा," मी ओरडले, "खालाला उठवू द्या आधी!"