नऊ हजार सहाशे पांढरी बटणं

शिलाईच्या हॉलमध्ये ती कुजबुज पहिल्यांदा कुणाच्या तोंडून निघाली, हे आजही कुणी कबूल करत नाही. कॉलर लावणाऱ्या बाया काज करणाऱ्यांकडे बोट दाखवतात, काजवाल्या इस्त्रीकडे. कुजबुज अशी, की स्टोअरवाल्या वहिनी तोंडात बटणं घालून गेटबाहेर पडतात.

“म्हणून तर धड बोलत नाहीत! गालफडात माल असल्यावर बोलणार कशा?”

पुरावाही तयार होता. डावा गाल फुगलेला दोघींनी पाहिला होता आणि दातांवर काहीतरी टकटकताना तिसरीनं ऐकलं होतं. गेटवरचे मामा पिशव्या उलट्या करून तपासायचे, जेवणाचा डबासुद्धा उघडायला लावायचे. पण बाईमाणसाला ‘आ करा’ म्हणायची त्यांची काय टाप! एका हुशार बाईनं तर गणितच मांडलं. एका गालात वीस, दोन्हींत मिळून चाळीस. स्टोअरमध्ये कमी भरलेल्या नऊ हजार सहाशे बटणांना दोनशे चाळीस दिवस. सुट्ट्या, आजारपणं धरली की झालंच वर्ष! हिशेब इतका चपखल बसल्यावर खोटं कशाला म्हणायचं?

आता या वहिनी म्हणजे कुणा एकाच्या नव्हेत. त्यांची सख्खी नणंद कॉलरच्या लाइनीत, तिनं ‘वहिनी’ म्हटलं आणि अख्ख्या शर्टांच्या कारखान्यानं ते उचललं. सतरा वर्षं बटणांचं स्टोअर त्यांच्याकडे. लांबट खोली, दोन्ही भिंतींना छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर पत्र्याचे डबे. बासष्ट जातींची बटणं, आणि प्रत्येक डब्याला दोऱ्यानं बांधलेलं एक कार्ड. किती आली, किती दिली, किती उरली.

मोजायची सवय हाडीमासी खिळलेली. घरात चमचे किती, उशीचे अभ्रे किती, काडेपेटीत काड्या किती, सगळं तोंडपाठ. नवरा निवृत्त होऊन आरामखुर्चीत स्थिरावला तेव्हा त्यानं एकदा चेष्टेनं विचारलं, “माझं कार्ड कुठल्या फळीवर गं?”

“न हलणाऱ्या मालात,” वहिनी म्हणाल्या.

तर कारखान्यात नवे साहेब आले आणि येताना एक शब्द घेऊन आले. इन्व्हेंटरी. उठता इन्व्हेंटरी, बसता इन्व्हेंटरी. कामाला लागले आणि सगळ्या डब्यांची वजनं करायला लावली. बटणं कुणी एकेक मोजत नाही. शंभर बटणांचं वजन कार्डावर लिहिलेलं असतं, डब्यातल्या मालाचं वजन करायचं आणि त्यानं भागायचं. एकसष्ट जाती जुळल्या. बासष्टावी, शर्टाची चार भोकांची पांढरी, अडली. कार्डावर शिल्लक एक लाख वीस हजार. काट्यावर पंचावन्न किलो दोनशे ग्रॅम. शंभराला पन्नास ग्रॅम धरले की होतात एक लाख दहा हजार चारशे.

“नऊ हजार सहाशे कमी,” साहेब म्हणाले. “शुक्रवारी किल्ली द्या. सोमवारपासून तुम्ही धागे कापायच्या टेबलावर.”

वहिनींनी किल्ली पदराआड घट्ट धरली. धागे कापायला त्यांची ना नव्हती. पण सतरा वर्षांच्या पाठीवर चोरीचा शिक्का घेऊन त्या टेबलावर बसायची मात्र तयारी नव्हती.

“साहेब, इन्व्हेंटरी म्हणजे काय हो?”

“म्हणजे… आपल्याकडे काय आहे आणि किती आहे, त्याची यादी.”

“किती आहे, की किती असावं?”

“आहे. प्रत्यक्ष आहे ते.”

“मग ती अजून झालीच नाही. कार्ड मी लिहिलं, वजन तुम्ही केलंत. मोजलंय कुठं कुणी?”

साहेब हसले. “लाखभर बटणं मोजणार?”

“दोन दिवस द्या.”

साहेब माणूस वाईट नव्हता, नवा होता. त्यांनी अट घातली: मोजणीच्या रेघा मारायला साक्षीदार हवा, आणि तोही वहिनींशी ज्याचं पटत नाही असा. हे ऐकून सगळ्या हॉलनं एकमुखानं नणंदेकडे पाहिलं.

“या वन्सं,” वहिनींनी स्टूल पुढे सरकवलं. “एरवी माझ्या चुका फुकट मोजता, आता पगारी मोजा.”

“मोजीन की! दादाला सांगायला बरं पडेल,” वन्सं पदर खोचत बसल्या.

मोजायची रीत अशी. शंभर खळ्यांची लाकडी फळी असते. ती बटणांत बुडवायची, हलवायची, की प्रत्येक खळीत एक बटण बसतं. वरची झटकून टाकायची. फळी पिशवीत रिकामी केली की वन्संनी एक रेघ मारायची. दहा फळ्यांची एक पिशवी, पिशवीला गाठ. अशा एकशे वीस पिशव्या भरल्या तर वहिनी खऱ्या.

पहिल्या दिवशी जेवणापर्यंत पस्तीस पिशव्या झाल्या. वहिनी शब्द बोलेनात. दाराशी बाया डोकावून जात, गालाकडे बघत, एकमेकींना कोपर मारत. वहिनी मान वर करत नव्हत्या. दुपारनंतर मात्र घात झाला. कॉलरवाल्या एकीनं येऊन वन्संना कुणाचं तरी लग्न मोडल्याची बातमी दिली, आणि वन्संचा जीव तो! पेन्सिल हवेत, कान दाराशी. वहिनींनी फळी थांबवली.

“रेघ मारलीत?”

“मारली… वाटतं.”

“वाटतं?”

“अहो, एका रेघेनं काय आभाळ कोसळतंय?”

“वन्सं, अशी बातमी किती वेळा आली जेवणापासून?”

वन्संनी बोटं मोजली. “तीनदा. पण एक जुनीच होती.”

वहिनींनी जेवणानंतर बांधलेल्या सोळाच्या सोळा पिशव्या सोडल्या आणि डब्यात परत ओतल्या. वन्संनी कपाळावर हात मारला. “अगं बाई, पाठीचा काटा ढिला होईल! राहू दे ना, मी सांगते बरोबर आहे म्हणून.”

“तुम्ही सांगितलंत तर साहेब ऐकतील. मी ऐकणार नाही.”

दार आतून लावून घेतलं आणि पुन्हा बुडवली फळी. त्यानंतर दाराबाहेर दोन लग्नं आणखी मोडली असती, तरी वन्संची पेन्सिल चुकली नसती. नणंद पहिल्यांदाच वहिनीच्या हाताकडे नीट बघत होती.

दुसऱ्या दिवशी सुट्टीच्या भोंग्याआधी डब्याचा तळ दिसला. एकशे एकोणीस पिशव्या भरल्या. शेवटच्या पिशवीत नऊ फळ्या पुऱ्या, दहाव्या फळीत सात खळ्या रिकाम्या.

“जिंकलो!” वन्सं ओरडल्या. पण लगेच त्यांच्या डोक्यात किडा वळवळला. “मग काटा खोटा कसा बोलला हो?”

वहिनींनी पुरी भरलेली एक फळी काट्यावर ओतली. शेहेचाळीस ग्रॅम. कार्डावर पन्नास. पांढऱ्या बटणांचा साचा मागच्या वर्षी बदलला होता, कड पातळ झाली होती. माल आला, त्यांनी हातात घेतला, कड पातळ आहे हे पाहिलंसुद्धा. शंभराचं वजन मात्र पुन्हा केलं नाही. पन्नासचा आकडा त्यांच्याच वळणदार अक्षरात होता.

वन्संनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “खोडून शेहेचाळीस करा. कोण बघतंय? मी तर मुळीच नाही.”

सतरा वर्षांत वन्संनी वहिनींच्या बाजूनं केलेलं हे पहिलंच पाप. वहिनींना हसू आलं. त्यांनी कार्ड सोडवलं, तसंच्या तसं नेऊन साहेबांच्या टेबलावर ठेवलं.

“बटणं एक लाख एकोणीस हजार नऊशे त्र्याण्णव. कार्ड चुकीचं होतं. माझं.”

साहेबांनी कार्डावरच्या पन्नासवर बोट ठेवलं. “ही चूक तुम्ही सांगितली नसती तरी चाललं असतं.”

“पुढच्या वर्षी परत कमी भरली असती. तेव्हा किल्ली कुणाकडे असेल कुणास ठाऊक, पण चोर तीच ठरली असती.”

“आणि ही सात बटणं?”

“हरवली. सात कमी लिहा.”

साहेबांनी सात कमी लिहिली. किल्ली मागितली नाही. सोमवारपासून बासष्ट जातींच्या शंभराची वजनं नव्यानं करायचं काम वहिनींच्या माथी मारलं, आणि साक्षीदार म्हणून वन्संना दिलं.

राहता राहिली ती कुजबुज. वहिनींच्या तोंडात पेपरमिंटची गोळी असायची. मोजताना बोललं की आकडा निसटतो, म्हणून त्या ती चघळत बसायच्या आणि उरलेली चघळत घरी जायच्या. तोंडातून बटण एकही गेलं नव्हतं.