पाचोडचा गळका स्लॅब

"मॅडम, हे छत उतरवायचं. वर काय टाकायचं, ते तुम्ही सांगा," साहेबराव म्हणाले.

"छताला काय धाड भरलीय? हाय ते ऱ्हाऊ द्या," चुलीपुढून त्यांची आई, गयाबाई म्हणाल्या.

मी स्टुलावर उभी होते. माझा स्क्रूड्रायव्हर तुळईत मुठीपर्यंत आत गेला होता. बाहेरून ती तुळई काळीभोर, तेल पाजल्यासारखी दिसत होती. आतून वाळवीने भुसा केला होता.

तेव्हा औरंगाबादेत माझं आर्किटेक्टचं छोटं ऑफिस होतं. साहेबराव पुण्याला एका कारखान्यात फिटर होते आणि गयाबाई पाचोडला एकट्या राहत होत्या.

ते छत माळवदाचं होतं. तुम्ही माळवद पाहिलेलं नसेल, म्हणून सांगते. लाकडी तुळयांवर आडव्या काठ्या घालायच्या, त्यावर पाला पसरायचा आणि वर पांढऱ्या मातीचा फूटभर थर द्यायचा. झालं सपाट छत. उन्हाळ्यात खाली गारवा, संध्याकाळी वर बसायला जागा. अडचण एकच. दर वैशाखात वर नवी माती टाकून, पाणी मारून, चोपून घ्यावी लागते. नाहीतर आषाढात घरात चिखल. हे काम साहेबराव स्वतः करत. त्यासाठी वर्षातून एकदा, आठ दिवसांची सुट्टी काढून येत. त्या आठ दिवसांसाठी गयाबाई महिनाभर आधी शेवया करून ठेवत.

नवी माती दरवर्षी पडत होती, पण जुनी कोणी काढली नव्हती. थर दोन फुटांवर गेला होता. पोखरलेल्या तुळया, दुप्पट वजन, आणि त्याखाली गयाबाईंचं अंथरूण. मी स्टुलावरून उतरले आणि सांगितलं, "हे या पावसाळ्यात राहणार नाही."

मग छताचा विचार सुरू झाला. पत्रे स्वस्त आणि झटपट होतात, पण मे महिन्यात त्याखाली माणूस भाजून निघतो. मंगलोरी कौलांना उतार लागतो, म्हणजे वरची जागा गेली. शिवाय गावात माकडं होती. पुन्हा माळवद करायचं तर तशी सागाची तुळई मिळणं मुश्कील. राहिला आरसीसी स्लॅब, म्हणजे लोखंडी सळयांच्या जाळीवर ओतलेलं काँक्रीट.

गयाबाई ऐकत होत्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"ताई, ह्या सलॅपला दरसाली काय करावं लागतं?"

"काहीच नाही, मावशी," मी अभिमानाने म्हणाले. "माती नको, चोपणं नको. साहेबरावांना सुट्टी काढून यायलाही नको."

त्या उठून आत गेल्या. मला वाटलं, उन्हाची काळजी असेल. म्हणून मी स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा थर आणि वर पांढऱ्या टाइल्सचे तुकडे सुचवले. घर गार राहतं. साहेबराव खूश झाले. गयाबाईंना गारवा नको होता, लेकाचे आठ दिवस हवे होते. हे मला तिथेच कळायला हवं होतं.

पाऊस यायच्या आत हमीद मिस्त्रींनी स्लॅब ओतला. इतका नेटका स्लॅब मी तोवर पाहिला नव्हता. तो पावसाळा कोरडा गेला. पुढच्या वैशाखात साहेबराव आले नाहीत. काम नव्हतं, सुट्टी मोडायची कशाला?

श्रावणात ते थेट माझ्या ऑफिसात आले. हातात पोस्टकार्ड होतं.

"मायनं लिहून घेतलंय शेजारच्या मास्तरांकडून. सगळं घर गळतंय म्हणे. मॅडम, तुमच्या भरवशावर केलं होतं."

मला फार शरम वाटली. गंगापूरला माझं दुसरं काम चालू होतं. तिथेही बातमी पोचली होती. साहेबराव ती रात्र पाचोडला राहून पुण्याला परतले. मी दुसऱ्याच दिवशी हमीद मिस्त्रींना घेऊन एसटीने पाचोड गाठलं.

माजघरात तीन पातेली आणि एक घमेलं मांडलेलं होतं. चारही भरलेली. मी वर पाहिलं. छताला डाग नाही, ओल नाही, पोपडा नाही.

तरी आम्ही चाचणी घेतली. स्लॅबच्या कडेने मातीचे बांध घातले, पन्हाळी बंद केल्या आणि चार इंच पाणी भरून तीन दिवस ठेवलं. चौथ्या दिवशी मिस्त्री खालून छतावर हात फिरवत म्हणाले, "बाई, एक बूंद बी नै. ये पानी ऊपर से नै आया."

मिस्त्री बाहेर बिडी ओढायला गेले. मी गयाबाईंजवळ बसले.

"मावशी, पंधरा दिवस पाऊस नाही. पातेली कशी भरली?"

"भरली."

"आडाचं पाणी आहे ना हे?"

त्या लुगड्याचा पदर बोटाला गुंडाळत बसल्या. मग म्हणाल्या, "तुमीच म्हणला नाय का, यायला नको म्हून? आलाच नाय मग. शेवयाला अळ्या झाल्या, गाईला घातल्या."

त्यांनी पायाजवळचं पातेलं नीट सरकवलं.

"मी बरी हाय म्हणलं तर येत नाय. छत बरं नाय म्हणलं की दुसऱ्या दिशी हजर."

"पण मावशी, माझं नाव खराब होतंय."

"व्हय," त्या म्हणाल्या. "ते लई वाईट झालं."

पण पातेली उचलली नाहीत.

परत येताना एसटीत मी साहेबरावांना काय लिहिणार ते सांगितलं, तसे मिस्त्री भडकले. "मेरा स्लॅब टपकता बोलके लिखनार क्या?" मी म्हटलं, मिस्त्री, तुमचं नाव येणार नाही. मी साहेबरावांना ऑफिसच्या लेटरहेडवर पत्र लिहिलं. या स्लॅबची दरवर्षी वैशाखात तपासणी करावी. पन्हाळी साफ कराव्यात, सांधे भरावेत, वरचा थर घासून धुवावा. काम घरच्या माणसाने स्वतः करावं.

त्यांचा ट्रंककॉल आला. "मॅडम, किती दिवस लागतील?"

"आठ."

"एवढ्याशा स्लॅबला?"

"सावकाश करावं लागतं."

ते तीस वर्षं यंत्रांचे सांधे बघणारे फिटर; कोणत्या सांध्याला किती वेळ लागतो, हे त्यांना कळत होतं. तरी म्हणाले, "बरं. मायला सांगा, शेवया कर म्हणावं."

ते दर वैशाखात येत राहिले, गयाबाई गेल्या त्या वर्षापर्यंत. गंगापूरचं काम माझ्या हातून गेलं. पाचोडच्या बाजारात कोणी माझं नाव काढलं की लोक म्हणत, चांगल्या आहेत बाई, पण त्यांचा स्लॅब गळतो. मी कोणाला खुलासा दिला नाही.

मागच्या हिवाळ्यात पैठणला जाताना मी मुद्दाम गाडी पाचोडवरून घ्यायला लावली. स्लॅब ठणठणीत आहे, एक तडा नाही. दाराला कुलूप आहे.

चाळीस वर्षांच्या कामातून एवढंच सांगते. छत निवडताना ऊन, पाऊस, वजन, टिकाऊपणा, सगळं बघा. आणि घरात म्हातारं माणूस एकटं राहणार असेल, तर ज्याला काहीच करावं लागत नाही असं छत घेऊ नका.