कापलेल्या चार ओळी

सडक अर्जुनीला हायवेच्या कडेला माझं मोबाईलचं दुकान होतं. दोन हजार नऊ-दहाचा काळ. ड्रायव्हर ढाब्यावर जेवून येईपर्यंत मी त्यांच्या मेमरी कार्डात गाणी भरून ठेवायचो. धंद्याची एक रीत होती. प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीला आपल्या दुकानाचं नाव चिकटवायचं, स्वतःच्या आवाजात. ते नाव इथं लिहीत नाही. आधीच फार वाजलं ते.

ती आली तेव्हा पायाला चिखल होता. रोवणा, म्हणजे भाताची लावणी, आटोपून थेट शेतातल्या बांधीतून आलेली. ट्रकवाल्यांच्या टेपवर रॅप ऐकून ऐकून तिनं आपलं काही रचलं होतं, आपल्याच बोलीत.

"भाऊ, रेकॉर्ड करून द्या जी."

"गाणं म्हणतेस?"

"गाणं नाही. बोलून राहिली, पण तालावर."

ताल कुठाय म्हटलं, तर तिनं फोन पुढं केला. त्यात त्यांच्या गावच्या राइस मिलचा धडधडाट भरून आणला होता. मी हसलो. मग ती बोलायला लागली, आणि मधेच हे आलं.

चिखलात पाय, कमरेत कळ,
माझ्या तोंडात गिरणीचं बळ.

माझा हात माउसवर तसाच राहिला. बाई श्वास कुठं घेते तेच कळेना. शेजारचा पंक्चरवाला ट्यूब हातात घेऊन दारात उभा. आयुष्यभर दुसऱ्यांची गाणी भरत आलो होतो, गाणं जन्मताना पहिल्यांदाच पाहिलं.

आणि त्याच दिवशी मी ते कापलं.

सुरुवातीच्या चार ओळींत तिचं नाव होतं, तिच्या आईचं, गावाचं. मी त्या काढल्या आणि तिथं माझं दुकान चिकटवलं. गाणं लांब होत होतं, असं स्वतःला सांगत आलो. खरं हे की ते माझं वाटावं, असं मला वाटलं. पुढं ते ट्रकांसोबत रायपूरला गेलं, नागपूरला गेलं. सगळीकडे 'दुकानवाला गाना'.

तिनं येऊन विचारलं, "भाऊ, सुरुवात काऊन कटली?"

"फाइल खराब झाली."

"असं होय?" म्हणाली आणि गेली.

दिवाळीनंतर त्यांच्या शेजारच्या गावची मंडई, म्हणजे जत्रा, होती. दुपारी दंडारीच्या, म्हणजे लोकनाट्याच्या, दोन खेळांच्या मधात तिला माईक मिळाला. तिनं आपल्या नावापासून सुरू केलं. ताल ओळखीचा वाटून पहिली ओळ संपायच्या आत कोणीतरी ओरडलं, "ए बाई, ये तो दुकानवाला गाना है! चोरून राहिली का?" सगळे हसले. मी भज्यांच्या ठेल्याजवळ उभा होतो. एक शब्द बोललो असतो तर भागलं असतं. तोंडात भजं होतं, ते चावत राहिलो.

ती थांबली. मग नाक दाबून, हुबेहूब माझ्या आवाजात, माझ्या दुकानाचं नाव घेतलं. मंडई खदखदून हसली.

"हे कोण बोललं?"

"दुकानवाला!"

"अन् त्याच्या पुढचं? त्याची बायको बोलली का?"

तेव्हा तिनं त्या चार ओळी म्हटल्या. पुन्हा म्हटल्या. तिसऱ्यांदा लोकांकडून म्हणवून घेतल्या, आणि मग फोनमधली गिरणी सुरू केली. बैलगाडीवर बसलेले म्हातारे उभे राहिले. माझ्या अंगावर काटा आला, आणि मान वर होईना.

त्यानंतर ती कोणाच्या दुकानाची पायरी चढली नाही. आपल्या गाण्यांच्या सीड्या आपणच काढल्या, मंडई-मंडईत आपणच विकल्या. आता तिला लांबून बोलावणी येतात.

दुकान बंद केलं तेव्हा जुन्या कॉम्प्युटरात ते न कापलेलं रेकॉर्डिंग सापडलं. पेन ड्राइव्हमध्ये घालून तिच्या घरी गेलो. फाइल खराब नव्हती, मीच कापली, एवढं उभ्या-उभ्या सांगितलं. तिनं चहा ठेवला.

"मले त तवाच समजलं होतं जी. फाइल खराब होते त तुमचंच नाव बरं साबूत राहिलं!"

पेन ड्राइव्ह तिनं माझ्याच हातात परत ठेवला.

"हे तुम्ही ठेवा. मले त पाठ आहे."

घरी येऊन लावलं. चारही ओळी आता मलाही पाठ आहेत.