बोलकं करणाऱ्या मावशी

बालवाडीत शिकवते मी, पण पोरांना बोलकं करतात त्या आमच्या मदतनीस मावशी. सतरा वर्षं झाली. झाडलोट, शी-शू, नाकं पुसणं हे त्यांचं काम. पण नवीन पोर तोंडाला कुलूप लावून बसलं की त्या त्याच्यापुढे फतकल मारतात आणि ते बोलेपर्यंत बडबड करत राहतात. चार-पाच दिवसांत ते सुटतं, मग त्याला गप्प बसवताना माझ्या नाकी नऊ येतात.

लोक म्हणतात, बालवाडीत काय, नुसता खेळ. असं म्हणणाऱ्याला मी एक दिवस आमच्या छोट्या खुर्चीवर बसवीन. आपली पाळी येईपर्यंत थांबायचं, शू लागली की वेळेवर सांगायचं, आई गेली तरी परत येते हे ओळखायचं, हे कुणी आईच्या पोटातून शिकून येत नाही. आमच्याकडचं पोर पहिलीत बुजत नाही, हे मी छातीठोकपणे सांगते.

आणि मावशींची स्वतःची नात मात्र घरी. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! तिची आई, म्हणजे मावशींची लेक, कारखान्यात आणि मावशी इकडे. घरात उरायचे आजोबा, झटका येऊन वाचा गेलेले. पोर तीन वर्षांची झाली तेव्हा मावशींनी मला विचारलं होतं, तिला इथे आणू का. मी नाही म्हटलं. तुमचं लक्ष नातीकडे गेलं तर बाकीच्या तिसांचं कोण बघणार? वर शहाणपणाही शिकवला, की तुमची नात घरीच तयार होईल.

घरी ती आजोबांकडून शिकली. हवं ते बोटाने दाखवायचं, नको असलं की मान फिरवायची. दोघांचं छान जमायचं. संध्याकाळी मावशी पोचायच्या तोवर लोकांच्या लेकरांशी बोलून त्यांचा घसा बसलेला असायचा, त्याही खुणांवरच भागवायच्या.

पहिलीत अठरा दिवस ती एक शब्द बोलली नाही. शू लागली हेसुद्धा नाही. ओल्या कपड्यांत बसून राहायची. वर्गातली पोरं नाक दाबून हसायची. मग हेडमास्तरांनी मावशींना बोलावलं. मीही सोबत गेले. म्हटलं, मी सांगते त्यांना, पोर मंद नाही, तिला थोडा वेळ द्या.

हेडमास्तरांनी मला ओळखलं, खुर्ची दिली. मावशी आणि नात उभ्याच. मग त्यांनी मावशींना विचारलं, बालवाडीत घातली होती का? नाही. का नाही? तुम्ही तर तिथेच कामाला आहात.

मावशींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आम्हीच नाही घातली, साहेब. चुकलं आमचं."

आता सांगते, मग सांगते, असं करत मी टेबलाची कड बघत बसले. घरच्यांनाच पर्वा नाही तर आम्ही काय करणार, असं म्हणत हेडमास्तरांनी हजेरीपट उघडला आणि पोरीच्या नावावर पट्टी धरून रेघ मारली. मावशींनी त्यांना नमस्कार केला, नातीलाही करायला लावला.