वाऱ्याच्या दिवसाचा माणूस

दोन्ही हातांनी पोटावर थाप मारून तो म्हणायचा, "वारं सुटलं की माझी आठवण येती, पत्रकवाले." पत्रकवाले म्हणजे मी. आमच्या संघटनेची पत्रकं मी दिंद्रुडच्या पिठाच्या गिरणीवर वाटायचो. तिथं तो दळायला होता.

धरणावरची शिडाच्या छोट्या नावांची शर्यत तुम्हीही पाहिली असेल. लाल शिडाची नाव आमच्या पुढाऱ्याच्या पोराची. त्याला सगळे छोटे मालक म्हणत. आखाडातलं वारं शिडात भरलं की दोन माणसांची ती नाव एका अंगावर झुकते. मग एकानं पट्ट्यात पाय अडकवून दुसऱ्या अंगाला, पाण्यावर पाठ टाकून लोंबकळायचं. माणूस जितका जड तितका बरा. म्हणून हा. वारं पडलेलं असलं की छोटा मालक म्हणायचा, "पोतं आज नको बे." हाही हसायचा.

"भ्या वाटत न्हाई?" मी एकदा विचारलं.

"वाटतंय की. पण जिंकलो की मालक मला नावांच्या शेडवर वॉचमन करणार हायत. मग आमाला कोयता घ्यून कुठं जायचं काम न्हाई."

जिंकले. दोनदा. "पुढच्या बारीला बघू," मालक म्हणाला. पुढं गिरणी बंद पडली आणि हा बायकोबरोबर ऊस तोडायला गेला.

परतला तो गालफडं बसलेला. बायको आपल्या पुढ्यातली भाकरी त्याच्याकडं सरकवायची. "खावा. तुमचं वजन म्हंजी आपलं घर हाय." आखाड आला, अंग काही भरलं नाही.

शर्यतीच्या सकाळी वारं पिसाळलं होतं. मालकानं त्याला वरखाली पाहिलं. "हवा गेली बे तुझी. जा घरी."

खांद्यावरची बापाची मेंढरांमागची घोंगडी त्यानं धरणात बुडवली, अंगाला गुंडाळली आणि दोरीनं आवळली. "आता बघा मालक. लई जड हाय."

काठावर हशा पिकला. मोबाईल निघाले. "आरं, मेंढरू आलं बघा!" मालकही हसला. "चल, बस." तरंगायचं जाकीट घोंगडीवरून बसेना. "राहू दे," मालक म्हणाला. मी ओरडत पुढं धावलो.

"गप बसा की, पत्रकवाले," हा म्हणाला. "मिळतंय त्याला नाट लावू नका."

शर्यतीच्या वळणाची खूण म्हणून सोडलेल्या दुसऱ्या तरंगत्या पिंपाला वळसा घालताना नाव उलटली. मालकाच्या अंगात जाकीट होतं. तो वर आला, नाव सरळ करून आत चढला. एकदा मागं पाहिलं. मागून दुसरी शिडं जवळ येत होती. त्यानं शिडाची दोरी ओढली आणि निघाला. अपघात म्हणे! मागं वळून बघून कुणी अपघात करतं का?

एकट्यानं नाव आणली म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या. गळ्यात हारही पडला. गर्दीतून वाट काढत बायको आली. "मालक, आमचं माणूस कुठाय?"

"येईल की. मागच्या नावेत असंल."

मागच्या नावा एकेक करून काठाला लागल्या. ती पाण्यात उतरून प्रत्येकीत वाकून बघत होती. प्रत्येकीत दोनच माणसं होती.