मूठभर काकडं

गागोद्याच्या फाट्यावर ती शेवळं, डोंगरातली रानभाजी, विकते. असेल बारा वर्षांची. बापाची कंपनी बंद पडल्यापासून पहाटे एकटीच डोंगर चढते. टोपलीपाशी कधी बसत नाही. एका पायाने दुसरी पोटरी खाजवत उभी असते, आणि माझ्याशी बोलतानाही नजर डोंगराकडे. "रानात जनावरांची भीती नाही वाटत?" असं विचारलं, तर म्हणाली, "त्यांना पन माझी वाटत आसंल."

शेवळांच्या जुडीबरोबर ती मूठभर काकडं, आंबट रानफळं, देतेच, कारण त्यांच्याशिवाय ही भाजी घशाला खाजते. परवा काकडं संपली होती.

"राहू दे गो, मी चिंच घालीन," मी म्हटलं.

"नाय. टोपली बघा काका," म्हणाली आणि रानात शिरली.

तास झाला तरी पत्ता नाही. मी नुसता येरझाऱ्या घालत होतो. मध्येच एक गाडी थांबली, गाडीवाल्याला मी दोन जुड्या विकल्यासुद्धा.

अखेर ती आली. दंडावर ओरखडे, ओच्यात काकडं. मी ऐटीत सांगितलं, "दोन जुड्या खपवल्या तुझ्या!"

तिचं तोंडच उतरलं. "काकडं नसताना दिलीत? गाडी कंच्या रंगाची?"

"पांढरी, पेणकडे गेली. पण अगं..."

ती पेणच्या दिशेने पळत सुटली होती.